मागच्या सीटवरचं वजन

फुस्स... असा तो आवाज होता. पंक्चर झालेल्या चाकाचा नव्हे. दिवसभर उभं राहून दमलेलं माणूस पाटावर टेकताना सोडतं ना, तसा उसासा. धोंडूनं तो ऐकला त्याला आता कैक वर्षं झाली. कान मंद झाले, पण तो उसासा काही कानातून गेला नाही.

साल शहाऐंशी असेल. मे महिना. अंधेरीला चकाल्याच्या अंगाला धोंडूचं पत्र्याचं गॅरेज होतं. टॅक्सी नाहीतर टेम्पो, हेच गिऱ्हाईक. त्या दिवशी सकाळी पार्ल्याच्या एका बंगल्याचा मॅनेजर नंदू साळवी एक काळी, लांबलचक परदेशी गाडी ओढून घेऊन आला. वीस वर्षांची जुनी. पोट जमिनीला टेकलेलं, पुढचे दिवे पिवळे पडलेले.

"होळीपासून अशीच बसून आहे," नंदू म्हणाला. "तिघांनी हात टेकले. हिला स्प्रिंगाच नाहीत, हवेवर उभी राहते म्हणे. मी पाच वाजता येतो. उभी असली तर बाईसाहेबांकडं. बसलेली असली तर तशीच कुर्ल्याला, भंगारात."

"पाचला उभी असेल!" धोंडू बोलून गेला आणि मग त्याला घाम फुटला. असली गाडी त्यानं जन्मात उघडली नव्हती. पण छाती धडधडत होती ती भीतीनं नव्हे. जत्रेत पाळण्यात बसायच्या आधी धडधडते तशी.

नंदू गेल्यावर तो वाकून गाडीखाली हात घालणार, तोच मागून कुणी म्हणालं, "आधी ठोकळे लाव रे. अंगावर बसेल."

पांढऱ्या गणवेशातला एक म्हातारा ड्रायव्हर दारात उभा होता. टोपी काखेत, खांद्यावर पिवळं फडकं.

"मी रतन. अठरा वर्षं हिला चालवतोय."

"देवासारखे आलात काका! सांगा, ही उठते कशी?"

रतनकाका हळू आवाजात सांगू लागले. प्रत्येक चाकापाशी रबराचा एक फुगा. इंजिन चालू झालं की त्यात हवा भरते. माणूस बसला की गाडी दबते, मग छोटी झडप हवा आत घेते आणि गाडी सरळ होते. माणूस उतरला की गाडी वर येते, झडप जादा हवा सोडते. फुस्स.

"बाईसाहेबांचा मणका मोडलाय," ते म्हणाले. "दुसऱ्या गाडीत त्यांना गल्लीच्या टोकापर्यंतही बसवत नाही. ही गेली, तर त्या खोलीबाहेर पडायच्या नाहीत. हिला उठव, बाबा."

धोंडूनं साबणाचं पाणी केलं. इंजिन चालू ठेवून एकेका सांध्यावर ब्रश फिरवला. मागच्या डाव्या झडपेपाशी बुडबुडे आले, एकावर एक.

"सापडली! काका, इथून पळतेय हवा!"

आतली रबरी रिंग सुकून दगड झाली होती. नवी बसवली, सांधा आवळला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गाडीची मागची बाजू हलली. वीतभर उचलली. मग नाक वर आलं. बसलेल्या हत्तीनं उठावं तशी ती गाडी चारी पायांवर उभी राहिली.

"उठली! आयशप्पत, उठली!" धोंडू पाना हातात घेऊन नाचायला लागला.

"अहो, पोरगा झाल्यासारखं काय नाचताय?" डबा घेऊन आलेली त्याची बायको शेवंती दारातच हसत सुटली. "ते म्हातारे बघतायत. लाज धरा."

"काका, दोन घास घ्या आमच्यातले," धोंडू म्हणाला.

"नंतर," रतनकाका म्हणाले. "दिवे राहिलेत."

दिव्यांच्या आत ओल शिरली होती. धोंडूनं आतला आरसा पुसायला चिंधी उचलली तशी काका कडाडले, "अंहं! चिंधी लावलीस तर कायमचा आंधळा होईल. फुंकर मार आणि कापूस फिरव. हलक्या हातानं." धोंडूनं तसं केलं, गंजलेली तार घासून चकचकीत केली, काचेभोवतीचं रबर बदललं. बाहेरची काच काकांनी स्वतः पुसायला घेतली. तोंड जवळ नेऊन 'हाः' केलं आणि फडकं फिरवलं. काचेवर वाफ काही धरली नाही. उकाडाच तसला, धोंडूच्या मनात आलं.

मग शटर ओढलं. भरदुपारी आत काळोख झाला. तापलेल्या रबराचा वास दाटला. पंचवीस फुटांवरच्या भिंतीवर धोंडूनं खडूनं दोन फुल्या काढल्या आणि दिव्यांचे झोत त्यांवर बसवले.

"रिकाम्या गाडीवर भरवसा ठेवू नकोस," काका म्हणाले. "मागं माणूस बसवून बघ." त्यांनी डावीकडचं मागचं दार उघडलं आणि अदबीनं मान लववली. "बसा, बाई."

"मी? या साडीत?" शेवंती लाजत बसली. भिंतीवरचा उजेड टुणकन फुल्यांच्या वर उडाला. सूंऽऽ करून झडपेनं हवा घेतली आणि उजेड परत फुल्यांवर उतरला. ती उतरली, उजेड खाली गेला, फुस्स, पुन्हा फुल्यांवर.

"अगंबाई, भिंतीला माझं वजन कळतं!" म्हणत, पदर सावरत ती घरी गेली.

पाचला दहा मिनिटं कमी होती.

"आता उजवी बाजू," धोंडू म्हणाला. "काका, तुम्ही बसा. मी भिंत बघतो."

"मी... मागं? अठरा वर्षांत कधी बसलो नाही."

"आज तुम्हीच साहेब!"

काका संकोचत आत शिरले. दार लागलं. धोंडू भिंतीकडं बघत राहिला.

उजेड हलला नाही.

झडप अडकली? आता, या वेळेला? त्यानं धावत जाऊन डिकीची उजवी कड दोन्ही हातांनी दाबली. उजेड वर गेला. सूंऽऽ. सोडली. फुस्स. झडप ठणठणीत होती.

मग त्यानं काचेतून आत पाहिलं. काका बसले होते. त्यांच्याखालची चामड्याची गादी टम्म फुगलेली होती, एक सुरकुतीही नव्हती. काका समोरच्या फुल्यांकडं बघत होते.

"हलला का रे?"

"काका... झडप असेल..."

"नाही. तू दाबलंस तेव्हा हलला. मी पाहिलं." त्यांनी खाली गादीकडं पाहिलं. "होळीच्या आदल्या दिवशी... छातीत कळ आली होती. मग कुणीतरी तोंडावर चादर ओढली. मला वाटलं, उजेड नको म्हणून... उठलो तर बंगल्यात कुणी बोलेना माझ्याशी. म्हटलं, गाडी बंद पडली म्हणून रागावलेत..."

बाहेर स्कूटर थांबली. "अरे धोंडू, उघड!"

धोंडूनं शटर वर केलं. नंदू आत आला आणि ओरडलाच, "अरे वा! उभी आहे की! झकास! थांब, बाईसाहेबांना फोन करून येतो. सकाळपासून तीनदा विचारलं त्यांनी." तो गाडीतून उतरणाऱ्या काकांना घसटून गेला. वळूनही पाहिलं नाही.

'बाईसाहेब' ऐकून काकांचा चेहरा निवला. त्यांनी पिवळ्या फडक्याची घडी केली, बॉनेटवर ठेवली, दिव्याच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं आणि ते दाराकडं निघाले.

त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं, आणि धोंडूच्या पाठीमागं गाडी हलली. तो वळला. मागची उजवी बाजू हळूच वर आली. भिंतीवरचा उजेड फुल्यांखाली घसरला. मग अठरा वर्षांचं वजन आत्ता कुठं उतरल्यासारखा तो उसासा.

फुस्स...

उजेड परत फुल्यांवर येऊन थांबला.

"काका..." धोंडूनं हाक मारली.

रतनकाका थांबले. त्यांनीही तो आवाज ऐकला असावा. काखेतली टोपी काढून त्यांनी नीट डोक्यावर ठेवली आणि ते उन्हात चालत गेले.