चौथा मुकुंदचा

हसू नका. कॉम्प्युटरमध्ये कसलं आलंय भूत, असं मीही म्हणायची.

पंच्याऐंशी सालचा मे महिना. सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता, अख्खी खोली भरून. पण त्याच्या पोटात आम्ही चार वेगवेगळे कॉम्प्युटर चालवायचो. खरे नव्हेत, नुसते प्रोग्रामनं मांडलेले. तरी प्रत्येकाचा तोरा असा की आपण एकटेच. एक बिघडला तरी बाकीच्यांना पत्ता नसे, ही मोठी सोय. तो मोठाच बंद पडला की चारही खलास, ही खोड. ज्यानं जो मांडला, त्याचं नाव त्याला द्यायचं. चौथा मुकुंदचा, माझ्या धाकट्या भावाचा.

एप्रिलमध्ये काटोलहून येताना मुकुंद उन्हाची लू लागून गेला. त्याचा कॉम्प्युटर बंद करायला माझा हात धजेना. तेराव्यानंतर कामावर आले, तर माझ्यासमोरचा, कॉम्प्युटरला जोडलेला टाइपरायटर आपोआप खडखडला. चौथ्याकडून निरोप होता, इंग्रजी अक्षरांत आपली बोली.

"ताई, जेवली काय?"

कोणाला सांगितलं नाही. रोज बोलायचो आम्ही. भीती कसली हो, मला बरं वाटायचं.

मग एका दुपारी एसी बंद पडला. खोलीची भट्टी झाली. आमचे साहेब मधुकरराव घाम पुसत आले.

"सुमतीबाई, ओझं कमी करा, नाही तर सारंच बसन. तो चौथा काहून चालू ठेवला?"

"साहेब, तेवढा राहू द्या ना..."

"मेलेल्या माणसाचा हाय तो, बाई. बंद करा."

रडत रडत केला मी बंद. दुसऱ्यांदा गेला माझा भाऊ.

थोड्या वेळानं टाइपरायटर खडखडला. निरोप पहिल्याकडून होता. "ताई, गरम होऊन राहिलं." मग दुसऱ्याकडून तेच. मग तिसऱ्याकडून. अहो, एकातलं दुसऱ्यात जातच नसतं!

"हे... कोण लिहून राहिलं?" मधुकररावांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

सगळं थांबलं. बाहेर लू तेवढी खिडकीच्या काचा हलवत होती. माझ्या बोटांखालच्या कळा मात्र गार पडत गेल्या, माठाच्या अंगासारख्या. आणि वीज नसलेला तो टाइपरायटर सावकाश चालू लागला.

"ताई, आता थंड वाटते... तुह्यासाठी बी जागा केली."

खाली आणखी एक ओळ उमटली. पाचवा कॉम्प्युटर सुरू. नाव, सुमती.