जमीलचाचांच्या बागेतलं कासव

"किल्ली नाही? मग चढा की!" स्वराज म्हणाला आणि माकडासारखा फाटकावर चढलासुद्धा.

"अरे थांब! मामाने सांगितलंय ना, आत साप निघालाय म्हणून!" उज्वला खालून ओरडली.

"साप काय तुझ्या मामाला भेटून सांगून गेला का, आठ दिवस मुक्काम आहे म्हणून?" मेहविशने ओढणी कमरेला खोचली आणि तीही चढली.

आता एकटं बाहेर उभं राहण्यात काय अर्थ होता? उज्वलानेही फाटकाच्या गजावर पाय ठेवला.

दिवाळीची सुट्टी लागली, की उज्वला आणि तिचा धाकटा भाऊ स्वराज नाशिकहून सायखेड्याला आजोळी येत. शहरातल्या द्वारका चौकातले हॉर्न ऐकून किटलेले कान गोदाकाठी आले, की एकदम मोकळे व्हायचे. आणि पहिल्याच दिवशी दोघं पळायची ती मेहविशला हाक मारून, तिच्या आजोबांच्या, म्हणजे जमीलचाचांच्या बागेत. मेहविशचे ते अब्बाजान, बाकी सगळ्यांचे चाचा.

बाग म्हणजे फुलांची नव्हे! जमीलचाचा गवंडी. दिवसभर लोकांची घरं बांधायची आणि संध्याकाळी नदीकाठच्या आपल्या खडकाळ तुकड्यावर येऊन प्राणी घडवायचे, असं त्यांनी एकेचाळीस वर्षं केलं होतं. लोखंडी सळया, सिमेंट, फुटक्या फरश्या, बांगड्यांच्या काचा आणि सायकलच्या चेना यांतून त्यांनी असे प्राणी केले होते, की जे देवानेही केले नसतील. पंखवाली म्हैस. बारा पायांचा घोडा. घुबडाचं तोंड असलेला मासा. पाठीवर द्राक्षांचे घड लगडलेली मगर. आणि उज्वलाचं सगळ्यात लाडकं, हिरव्या बांगड्यांच्या काचांनी मढवलेलं भलंमोठं कासव.

चाचा सध्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला होते. बागेची किल्ली त्यांनी उज्वलाच्या रोहितमामाकडे दिली होती. मामा लहानपणापासून चाचांच्या मागे मागे फिरायचा, वेल्डिंगही त्यांच्याकडेच शिकला होता. चाचांना तो पोटच्या मुलासारखा आणि उज्वलाला तर मामा म्हणजे जगातला सगळ्यात भारी माणूस! पोहायला त्याने शिकवलं, झाडावर चढायला त्याने शिकवलं.

मुलांनी पलीकडे उड्या मारल्या. सापबीप काही नव्हता. पण दहा पावलं चालल्यावर मेहविश थबकली.

"म्हैस कुठंय?"

पंखवाल्या म्हशीच्या जागी नुसता चौथरा होता. घुबडमासाही नव्हता. उज्वला धावत पिंपळाखाली गेली. कासवाच्या जागी सळयांची चार थोटकं जमिनीतून वर आली होती. कापलेली टोकं नव्या नाण्यासारखी चकाकत होती.

"हे गंजलेलं नाही," स्वराज वाकून म्हणाला. "कालपरवाच कापलंय!"

"चोरी!" मेहविशचा आवाज कापला. "अब्बाजान घरी आले, की त्यांना काय सांगायचं?"

"रडू नकोस. मामाला फोन करू, तो चोराला पाताळातूनही शोधून काढेल!" उज्वला म्हणाली. पण मामाचा फोन काही लागेना.

फाटकाबाहेर मातीत टेम्पोच्या चाकांचे ठसे होते आणि मध्ये मध्ये हिरव्या काचेचे तुकडे सांडलेले. मुलांनी सायकली काढल्या. दोन्ही बाजूंना द्राक्षबागांची छाटणी चालली होती. डांबरी रस्ता लागला आणि ठसे संपले. फाट्यावर सुमनबाई पेरूची पाटी घेऊन बसल्या होत्या.

"मावशी, इथून एखादा टेम्पो गेला का? मोठं काहीतरी घेऊन?"

"गेला की! ताडपत्री उडाली तर आत ही मोठी म्हैस, अन् तिला पंख! मी तर हातच जोडले बाई!"

"कोणाचा टेम्पो होता?"

"मी म्हशीकडं बघू का गाडीवाल्याकडं? चांदोरीच्या अंगाला गेला. तिकडं ते नवीन हॉटेल होतंय ना, द्राक्षाच्या मळ्यातलं, तिथं वळला."

तिघांनी अशी सायकल मारली, की स्वराजची चेन दोनदा पडली!

हॉटेलच्या आवारात रंगकाम चाललं होतं. पोहण्याच्या तलावाभोवती हिरवळ लावली होती आणि त्या हिरवळीवर, पाण्यात बघत, पंखवाली म्हैस उभी होती! पलीकडे घुबडमासा. आणि पायऱ्यांजवळ, ताज्या सिमेंटमध्ये चारही पाय रोवलेलं कासव.

"सापडले!" स्वराजने उडीच मारली.

उज्वला कासवाजवळ गेली. समोर चकचकीत पाटी होती. तिने वाचायला सुरुवात केली.

'हे कासव मागे वळून बघत नाही. कारण त्याचं घर त्याच्या पाठिवरच आहे.'

हे वाक्य तिचं होतं! गेल्या मे महिन्यात तिने बागेतल्या प्रत्येक प्राण्यावर वहीत लिहिलं होतं. 'पाठीवर'मधली वेलांटी तिने चुकून पहिली दिली होती. पाटीवरही ती पहिलीच होती! आणि ती वही तिने जगात एकाच माणसाला दिली होती. तो म्हणाला होता, "उजू, किती छान लिहितेस! दे इकडे, मी छापून आणतो."

पाटीवर खाली लिहिलं होतं : 'शिल्पकार - रोहित'.

"उज्वला..." मेहविशने ते नाव वाचलं. मग ती हळूहळू मागे सरकली, जणू उज्वलाच्या अंगाला काहीतरी लागलं होतं. "तुझा मामा."

"नाही गं. काहीतरी चूक—"

"तुम्ही इथे काय करताय?"

मागे रोहितमामा उभा होता. नवा कुडता, हातात फुलांच्या माळांचं टोपलं. मुलांना बघून त्याचं हसू जागच्या जागी थिजलं.

"मामा, हे चाचांचं आहे," उज्वला म्हणाली. तिला वाटलं, तो आता डोक्यावर टपली मारेल आणि सगळं नीट समजावून सांगेल.

मामाने तिला बाजूला नेलं. "हे बघ उजू. तिथे नदीकाठी कोण बघतं यांना? एखाद्या पुरात सगळं वाहून जाईल. इथे माणसं येतील, फोटो काढतील."

"मग तुझं नाव का लिहिलंस?"

मामाने आजूबाजूला पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मीही इतकी वर्षं लोखंड जोडतोय. कुणी एकदा तरी मला कलाकार म्हटलं? उद्या दहा वाजता उद्घाटन आहे. मोठे लोक येणार आहेत. चाचांना मी नंतर समजावतो. तू कोणाला काही बोलायचं नाहीस. तुला माझी शपथ!"

"आणि माझी वही?"

"अगं, वहीचं काय घेऊन बसलीस!"

उज्वलाला पाल अंगावर पडल्यासारखं झालं. ती सायकलकडे वळली.

घरी आल्या आल्या तिने आबांना, म्हणजे आजोबांना, सगळं सांगितलं. पुंजाआबा सुपारी कातरत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"रोहित? छ्या! त्यो चाचाचा उजवा हात हाय. दुरुस्तीला नेलं असंल काहीतरी. लहान पोरांनी मोठ्यांच्या भानगडीत पडू नये."

"आबा, पाटीवर नाव आहे हो त्याचं!"

"बास म्हणलं ना!"

अंगणात मेहविश पाठ करून बसली होती. उज्वला तिच्या शेजारी जाऊन बसली.

"तू त्यालाच साथ देणार," मेहविश म्हणाली. "शेवटी मामा आहे तुझा."

"साथ द्यायची असती, तर आबांना सांगितलं असतं का? वही मीच त्याच्या हातात दिली, मेहविश. त्याने मलाही फसवलंय!"

मेहविशने वळून बघितलं. उज्वलाच्या गालांवर धुळीतून पाण्याच्या रेघा उतरल्या होत्या. मेहविशने आपल्या ओढणीच्या टोकाने त्या जरा रागानेच पुसल्या.

"ऐक. अब्बाजान प्रत्येक प्राण्याच्या पोटाखाली ओल्या सिमेंटमध्ये नाव लिहितात. त्या कामाला ज्याचा हात लागला, त्याचंही लिहितात. आणि त्याच्या हाताचा ठसा घेतात. कासवाचं पोट जमिनीपासून वीतभर वर आहे. वाकून कोण बघणार? पण फोन आत सरकवला तर फोटो निघेल!"

"पण उद्या आपल्याला तिथे बोलू कोण देणार?" स्वराज म्हणाला. "आबाच ऐकत नाहीत!"

उज्वला विचारात पडली. मग हळूच म्हणाली, "वाईट सांगितलं तर आबा ऐकत नाहीत. चांगलं सांगितलं तर?"

ती उठून आत गेली. "आबा, चुकलंच माझं. मामाचा उद्या सत्कार आहे त्या हॉटेलात! तो लाजतोय म्हणून घरी बोलला नाही."

"सत्कार!" अडकित्ता खाली पडला. "आन् मला सांगितलं नाय त्यानं? माझा फेटा काढ गं!"

दुसऱ्या दिवशी पुंजाआबा फेटा बांधून निघाले. ते निघाले म्हणून सरपंच निघाले, सरपंच निघाले म्हणून अर्धं गाव निघालं. दोन ट्रॅक्टर भरले!

हॉटेलात माईक लावला होता. मालकीण मनीषाताई पाहुण्यांना सांगत होत्या, "या अद्भुत प्राण्यांचे निर्माते, आपल्या मातीतले तरुण कलाकार..." टाळ्या वाजल्या. रोहितमामा उठला आणि त्याला फाटकातून आत येणारा आबांचा फेटा दिसला. त्याच्या पाठोपाठ सगळं सायखेडं! मामाचा चेहरा चुना लावल्यासारखा पांढरा पडला.

उज्वला पुढे गेली.

"ताई, मी एक प्रश्न विचारू?"

"विचार की!" मनीषाताई हसल्या.

"मामा, हे कासव तू केलंस, तर त्याच्या पोटाखाली काय आहे?"

मामाने तिच्याकडे बघितलं. ती नजर उज्वलाला सहन होईना, पण तिने मान खाली घातली नाही.

"काय असणार? नुसतं सिमेंट," तो म्हणाला.

"ताई, तुमचा फोन जरा खाली धरून फोटो काढता?"

पाहुणे कुजबुजू लागले. मनीषाताईंना गंमत वाटली. त्या वाकल्या, फोन आत सरकवला, फोटो काढला आणि उभ्या राहून बघू लागल्या. हळूहळू त्यांचं हसू मावळलं. माईक अजून त्यांच्या हातातच होता.

"जमील मिस्त्री, सायखेडा," त्यांनी वाचलं. "आणि खाली एक छोटा पंजा आहे. त्याच्याखाली लिहिलंय, 'सिमेंट कालवलं : रोहित, वय वर्षं सहा.'"

तलावात पाणी सोडणारा पाइप तेवढा खळखळत होता.

सहा वर्षांच्या मुलाने घमेल्यात दोन मुठी सिमेंट कालवलं, तर चाचांनी त्याचंही नाव लिहिलं होतं. आणि त्या मुलाने मोठं झाल्यावर काय केलं होतं?

मामाला ते आठवत नसावं. त्याने फोन हातात घेतला, त्या इवल्याशा पंज्याकडे बघितलं आणि फोन परत देऊन, कोणाकडेही न बघता, तो फाटकाबाहेर चालता झाला. आबांनी फेटा उतरवून मांडीवर ठेवला.

"मला म्हणाला होता, बागही त्याचीच आहे!" मनीषाताई संतापून म्हणाल्या. "सरपंच, आजच्या आज सगळे प्राणी परत पोहोचवते. क्रेन माझी."

तीन दिवसांनी जमीलचाचा आले. डोळ्यांवर काळा चष्मा होता. त्यांनी एकेका प्राण्यावरून हात फिरवला. कासवाच्या कापलेल्या पायांशी त्यांची बोटं थांबली.

तेवढ्यात फाटकाशी रोहितमामा आला. हातात वेल्डिंगचं यंत्र होतं. "चाचा, चुकलो. मी जोडून देतो."

चाचांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "तुझा जोड पक्का असतो, बेटा. मीच शिकवलाय. पण या पायांना आता तुझा हात नको. मी दुसरा माणूस सांगितलाय."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं उज्वलाला वाटलं. मामा यंत्र उचलून निघून गेला.

"चाचा, वही मीच दिली होती त्याला," तिने सांगून टाकलं.

"आणि मी किल्ली दिली होती," चाचा म्हणाले. "बस माझ्याजवळ."

गावाने तिघांचा सत्कार केला. सरपंचांनी भाषण ठोकलं, "या पोरांनी गावाची इज्जत राखली!" मनीषाताईंनी बागेच्या फाटकासाठी पाटी करून दिली, त्यावर चाचांचं नाव ठसठशीत होतं. टाळ्यांच्या कडकडाटात स्वराज इतका फुगला, की मेहविशने त्याला चिमटा काढला! आबा मात्र शेवटी बोलायला उठले.

"सत्कार हाय म्हणून नातीनं मला खोटं सांगून नेलं. मला लय वाईट वाटलं. पण आदल्या दिवशी खरं सांगत होती, तवा मी ऐकलं नाय. चूक माझी हाय. शाबास गं पोरी!"

उज्वला हसली, पण तिची नजर गर्दीत एकच चेहरा शोधत होती. तो आला नव्हता.

तो आला दुसऱ्या दिवशी, एसटी स्टँडवर. दर सुट्टीत मामाच त्यांना टेम्पोने नाशिकला सोडायचा. यंदा आबांनी एसटीची तिकिटं काढली होती. बस सुटायला आली, तेव्हा मामा खिडकीखाली येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, कुडता चुरगळलेला.

"उजू, माझ्याशी बोलणार नाहीस?"

स्वराजने बहिणीकडे बघितलं. उज्वलाने खिडकीचा गज घट्ट धरला होता.

"बोलेन, मामा," ती म्हणाली. "पण अजून नाही."

कंडक्टरने घंटी मारली. बस हलली, तसा मामा दोनचार पावलं सोबत चालला आणि मग थांबला. उज्वलाने हात हलवला नाही. पण पुलाच्या वळणावर स्टँड दिसेनासं होईपर्यंत ती मागे बघत राहिली.