अकराव्या खाटेची हाक

त्या खुर्चीवर नको, इकडे दिव्याजवळ बसा. ती भिंतीशीच राहू द्या. हं, आता सांगतो.

काम तसं साधं होतं. रुग्णालयात प्रत्येक खाटेला एक बेल होती. ती दाबली की हाक आमच्या वेब अ‍ॅपमधल्या ठरलेल्या पत्त्यावर जायची आणि तिथून सिस्टरांच्या स्क्रीनवर. सगळं अ‍ॅप पायथनमध्ये लिहिलेलं, एकाच लांबलचक फाइलीत कोंबलेलं. आधीच्या प्रोग्रामर बाई नोकरी सोडून गेल्या आणि ते लोढणं माझ्या गळ्यात आलं. मी त्याचे भाग पाडायला घेतले. वॉर्डचं मॉड्यूल वेगळं, औषधांचं वेगळं.

त्याच वॉर्डात दहाव्या खाटेवर माझी मावशी होती. आईच्या माघारी तिनंच मला वाढवलेलं. तिचा श्वास केव्हा कोंडेल याचा नेम नसायचा. बेल हाच तिचा आधार.

"तुझ्या मशीनचं काही खरं नाही," ती म्हणायची. "मी आपली ताट वाजवीन."

दुपारी नवी मांडणी सुरू केली आणि हाका हरवू लागल्या. दर वेळी तेच, पत्ता सापडत नाही. चुका माझ्याच होत्या. 'वॉर्ड' हा शब्द मी मुख्य फाइलीतही लावला होता आणि मॉड्यूलमध्येही, म्हणून तो पत्त्यात दोनदा येत होता. औषधांचं मॉड्यूल तर मुख्य फाइलीला जोडायलाच विसरलो होतो. तेवढं निस्तरलं. तरी धाकधूक होती, म्हणून सगळ्यात शेवटी एक जाळं लावलं. ज्या हाकेला कुठेच पत्ता नाही, तीही सिस्टरांच्या स्क्रीनवर जावी. मावशीची हाक वाया जाऊ नये, एवढंच मनात होतं.

जाळ्यात लगेच एक हाक आली. खाट अकरा. मग पुन्हा खाट अकरा... आणि पुन्हा.

वॉर्डात खाटा दहाच होत्या.

माझीच काहीतरी गफलत असणार, असं समजून मी वर गेलो. पडदे ओढलेले होते. फिनेलचा वास येत होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक, ओल्या चादरीचा. सिस्टर स्क्रीनकडे बघत उभ्या होत्या. स्क्रीन वरपासून खालपर्यंत अकरानं भरला होता.

"ही... परत कशी आली?" त्या हळूच म्हणाल्या.

"अकरावी खाट आहे कुठे?"

त्यांनी मावशीच्या पलीकडच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "तिथे होती. त्या बाई बेल दाबत राहिल्या... वेळेवर कोणी पोचलंच नाही. नंतर खाट काढली. तारही काढली."

आणि तेव्हा मला मावशी दिसली. मुठीत बेल, ओठ निळे. तिची हाक त्या ढिगाखाली गाडली गेली होती. सिस्टर ऑक्सिजनकडे धावल्या आणि मी खाली धावलो.

जुन्या फाइलीत सगळ्यात वर एक छोटा तुकडा होता. कचरा समजून मी तो टाकून दिला होता. अकराव्या खाटेची हाक आली, की कुणालाही न कळवता एवढंच उत्तर धाडायचं, 'येते आहे, धीर धरा.' त्याच्या शेजारी आधीच्या प्रोग्रामर बाईंनी लिहून ठेवलं होतं, 'काढू नका.' मी तो होता तिथे परत ठेवला. सिस्टरांचा स्क्रीन मोकळा झाला.

संध्याकाळी मावशी उशीला टेकून बसली होती. तिला बघून मला रडूच आलं.

"ती शेजारची बिचारी," मावशी भिंतीकडे बघत म्हणाली, "कधीची ताटकळलीय. म्हणते, उत्तर येतं, पण माणूस येत नाही..."

मी भिंतीकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं.

"मी सांगितलं तिला, उत्तर देणारा माझाच भाचा आहे. खाली जिन्याजवळच्या खोलीत बसतो. तूच जा की त्याच्याकडे."

मी खाली आलो. अकराव्या खाटेची हाक थांबली होती. ती पुन्हा कधीच आली नाही. खोलीत ओल्या चादरीचा वास होता, आणि कोपऱ्यातली रिकामी खुर्ची माझ्या खुर्चीला येऊन टेकली होती.

नंतर मी नोकरी बदलली, घरही बदललं. मावशी आता बरी आहे.

अहो, मघाशी तुम्ही आलात, तेव्हा ती खुर्ची भिंतीशी होती ना?