घट्ट विणलेली बाही

माझी बायको मालन दवाखान्यात वारली, हे कळलं तेव्हा मी अंगणात बाज विणत होतो. निरोप आमच्या घरच्या यंत्रमानवाने, टिकल्याने, सांगितला. मी म्हणालो, "थांब, एवढी दोरी ताणून घेतो." आणि ताणून घेतली. का, ते अजून कळत नाही.

तिच्या पिशवीत आमच्या नातीचा, केतकीचा, स्वेटर निघाला. उजवी बाही राहिली होती. केतकीला शाळेबरोबर लडाखला दुर्बिणीतून तारे पाहायला जायचं होतं, आणि आजीचाच स्वेटर घालून. टिकल्याने मला टाके शिकवले. मी बाही विणली.

सकाळी केतकीने स्वेटर घातला. "आबा, हा हात गारठतोय!"

"कसा गारठेल? आजीच्या विणीत भोकं आहेत. माझ्या विणीतून मुंगी जायची नाही."

टिकल्याने उष्णता दाखवणारा कॅमेरा लावला. पडद्यावर आजीची बाही निळी, माझी लालभडक.

"लाल म्हणजे गरम. माझीच जिंकली की!"

"नाही आबा," टिकल्या म्हणाला. "ती केतकीच्या हाताची उष्णता आहे. बाहेर पळतेय."

मी दोन्ही बाह्या चिमटीत धरून पाहिल्या.

केतकीने खिडकीबाहेर बोट दाखवलं. गवतावर दहिवर गोठलं होतं. तारेवर एक बुलबुल चेंडूसारखा बसला होता. "काल दुपारी तर हा एवढासा होता!"

"त्याने पिसं फुलवलीत," टिकल्या म्हणाला. "त्यांच्यात हवा अडकते. अशी स्थिर हवा उष्णतारोधक (उष्णतेला सहज जाऊ न देणारी) असते. लोकर स्वतः ऊब तयार करत नाही. तिच्यात अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. तुम्ही टाके ओढून ती हवाच पिळून काढलीत."

"आबा, तुम्ही बाही नाही, बाज विणलीत!" केतकी हसली.

"आणि भोकांतून वारा शिरला तर?" मी विचारलं.

"मग वरून जाकीट घालायचं," टिकल्या म्हणाला.

मी बाही उसवली आणि पुन्हा विणायला घेतली. कळलं होतं, पण हातांना ते पटेना. प्रत्येक टाक्याला ते दोरा ओढायचे. केतकी शेजारी बसून म्हणायची, "सोडा आबा, अजून सोडा." मध्येच तिने विचारलं, "चंद्रावर हवाच नाही. मग तिथे ऊब कशी राखायची?"

"लडाखहून आलीस की शोधू," टिकल्या म्हणाला.

परवा तिला निघायचंय. बाही कोपरापर्यंत आली आहे. खालचा भाग आणि मनगटाची पट्टी अजून विणायची आहे.