उजळलेला पैसा

कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण भिंगवाल्या तपासनिसाने एकदा तांब्याच्या पैशाची साक्ष काढली, आणि तीही तासाभरात. सोबत त्याचा मेहुणा होता. तो पाहताक्षणी चोर ओळखून बसला होता, नेहमीसारखाच चुकीचा.

त्या घरातले थोरले भाऊ नाणी जमवणारे. बुडालेल्या संस्थानांचे तांब्याचे पैसे त्यांच्या खणात ओळीने मांडलेले. त्यातला अर्ध्या सूर्याचा काळाभोर पैसा, लाखात एक, चोरीला गेला आणि त्याच्या जागी चकचकीत नक्कल आली, असं त्यांचं म्हणणं. खणाला कुलूप नव्हतं. पण ‘विकून टाक तो’ असं धाकटा भाऊ एकदा बोलून गेला होता, तेच नडलं. संध्याकाळच्या आत त्याने घर सोडायचं, असा हुकूम सुटला होता.

धाकट्यांची बॅग दाराशीच होती. चाळीस वर्षं एका ताटात जेवलो आणि आता चोर ठरलो, एवढंच ते म्हणाले. मेहुण्याला ते सोंग वाटलं.

थोरल्यांची सून घरात येऊन तीन महिने झालेले. खण वरवर पुसते, आत हात घालत नाही, म्हणाली. तिची बोटं लिंबाने सोलवटली होती. मागच्या फळीवर तांब्याची भांडी इतकी लखलखत होती की मेहुण्याने त्यात बघून भांग नीट केला.

थोरल्यांनी आठवून सांगितलं, महिन्यापूर्वी एक फोटोवाला नाण्यांचे फोटो काढून परगावी गेला. त्यानंतर खण त्यांनी कालच उघडला.

भिंगवाल्याने त्यांची वही मागितली. तीत प्रत्येक नाण्याचा पेन्सिलीने घासून उठवलेला ठसा होता. मग त्याने सगळ्यांना बसवलं.

“हा हातोड्याने पाडलेला पैसा. साचा मोठा, चकती लहान, म्हणून छाप प्रत्येकावर वेगळी कापली जाते. वहीत सूर्य जिथे कापलाय, तिथेच इथेही. आणि अक्षरांच्या खाचांत बघा, काळं अजून शिल्लक आहे. नवी नक्कल तिथेही चकाकली असती. दादा, पैसा तुमचाच आहे. चोरी झालीच नाही.”

थोरल्यांना धाकट्याकडे बघवेना. “मग घासला कुणी? शंभर वर्षांचा रंग होता तो. आता या पैशाला कोण विचारतो.”

भिंगवाला क्षणभर सुनेच्या हातांकडे बघत राहिला.

“फोटोवाल्याने. नक्षी उठून दिसावी म्हणून.”

थोरल्यांनी मान हलवली. मेहुण्यालाही पटलं.

“खोटं सांगताहेत ते, बाबा,” सून म्हणाली. “परवा मीच घासला. सूर्य आता दिसत नाही म्हणाला होतात. आणि काका बॅग भरत होते, तेव्हाही मी गप्प बसले.”