उलटी क्लचप्लेट

ही गोष्ट ऐकून तुम्ही मला वेड्यात काढणार, हे मला ठाऊक आहे. आजवर ज्याला ज्याला सांगितली, त्याने माझ्याकडून पुन्हा गोष्ट ऐकणार नाही म्हणून कानाला खडा लावला. पण यात एक अक्षर खोटं निघालं, तर माझ्या गाडीला जन्मभर फक्त रिव्हर्स गिअर राहो!

एक क्लचवाला होता. क्लच म्हणजे काय, ते आधी सांगतो, नाहीतर मधेच जांभया द्याल. इंजिन आपल्या मस्तीत गरगरत असतं आणि चाकं आपल्या जागी गप्प उभी असतात. या दोघांची गाठ घालून देणारा मध्यस्थ म्हणजे क्लच. त्याने अलगद गाठ घातली तर संसार सुरू होतो, झटक्यात घातली तर हिसका बसतो, आणि तो घसरत राहिला तर इंजिन बोंबलतं नि गाडी जागची हलत नाही.

हा क्लचवाला झिजलेली क्लचप्लेट हातात धरून तिच्या मालकाचं भविष्य सांगायचा. म्हणजे लोक तळहात दाखवतात ना, तसं. "तुमचा जावई गाडी चालवतो वाटतं," असं त्याने एकदा एका गृहस्थाला नुसती प्लेट बघून सांगितलं, तर ते गृहस्थ रडायलाच लागले. पण स्वतःचं बोलायची वेळ आली की याचं वाक्य अर्ध्यावर अडकायचं. पुढेही जाणार नाही, मागेही येणार नाही. म्हणून सगळे त्याला 'हाफक्लच' म्हणत.

एका सोमवारी त्याच्या दुकानात आधी एक वास आला. जळका, उग्र. समोरच्या शिंप्याने दोनदा इस्त्री उचलून बघितली. पाव तासाने त्या वासामागून एक राखाडी गाडी आली. दिसायला गरीब गाय, पण आवाज वाघाचा. गाडीतून एक मुलगी उतरली. बाहीवर ग्रीसचा डाग, आणि खिशातून डोकावणारा दात तपासायचा छोटा आरसा.

"इंजिनात जोर मावत नाहीये," ती म्हणाली, "पण चाकांपर्यंत पोचतच नाही."

"म्हणजे... माझ्यासारखंच," तो बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला.

"काय म्हणालात?"

"टर्बो... टर्बो बसवलाय का, म्हणालो."

"मीच बसवलाय. चार वर्षं लागली. दिवसा लोकांचे दात, संध्याकाळी हिचं इंजिन." तिने बॉनेटवर थाप मारली. "आता तुमच्याकडचा सगळ्यात जबरदस्त क्लच द्या."

"डॉक्टर, तुमच्याकडे कुणी आलं आणि म्हणालं, सगळ्यात मोठी कवळी द्या... तर देता?"

ती खळखळून हसली. हाफक्लचच्या हातातला पाना गळून पडला, तो थेट त्याच्याच पायावर. पण तो ओरडला नाही, यावरून काय ते समजा.

मग तिने खरी गोष्ट सांगितली. मागच्या महिन्यात घरच्यांना घेऊन ती घाट चढायला निघाली, आणि मधल्याच वळणावर क्लच घसरला. आईने, बाबांनी आणि आत्याने उतरून गाडी ढकलली. आत्याने ते एवढ्या ठिकाणी सांगितलं, की दवाखान्यात तोंड उघडून बसलेले पेशंटसुद्धा "गाडी कशी आहे?" असं विचारायला लागले. शेवटी बाबांनी निकाल दिला. येत्या रविवारी तिघांना बसवून घाट चढायचा. सगळ्यात वरच्या वळणावर, ऐन चढावर गाडी थांबवायची, आणि तिथून न घसरता, न हिसकता निघायचं. निघाली तर गाडी तिची. नाही निघाली तर सोमवारी गिऱ्हाईक येऊन घेऊन जाणार.

"मला ही गाडी हवीय," ती म्हणाली. तेवढंच म्हणाली, पण आवाज जरा ओला झाला होता.

हाफक्लचने स्टूल पुढे ओढलं. "मग मला प्रश्न विचारावे लागतील. पुष्कळ."

"विचारा ना."

"रोज वाटेत सिग्नल किती?"

"नऊ."

"सिग्नलला उभ्या असताना डावा पाय कुठे असतो?"

"क्लचवर."

"पूर्ण वेळ दाबून? का?"

"हिरवा कधी होईल, काही सांगता येतं का?"

तो हळूच हसला. "आत्याबाईंचं वजन?"

"ते आत्यालाही माहीत नाही. वजनकाटा दिसला की ती रस्ता ओलांडते."

"अंदाजे?"

"दोन आई."

त्याने गंभीरपणे वहीत लिहिलं — दोन आई.

दुपारी गिअरबॉक्स उतरवून त्याने जुनी प्लेट बाहेर काढली, खिडकीपाशी नेली आणि उजेडात फिरवून बघितली. ती शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या अंगाला लवंगेच्या तेलाचा वास होता, दवाखान्यातला. त्याने आयुष्यभर जळक्या क्लचचेच वास घेतले होते. हा वास नेमका कुठल्या भागातून येतोय, ते त्याला कळेना.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"तुम्ही... घाई करत नाही. गिअर टाकताना थांबता. ही बाजू बघा, इथे जळलीय, ती एकाच दिवसात. घाटातली. बाकी झीज हळूहळूची आहे. पाय टेकवून ठेवायची सवय." तो अडखळला. "अशी झीज... वाट बघणाऱ्यांच्या प्लेटवर असते."

"कुणाची वाट, तेही लिहिलंय का?"

"ते... म्हणजे प्लेटवर..." आणि वाक्य अडकलं.

तिने मान तिरकी करून वाट बघितली. पूर्ण एक मिनिट. मग हसून म्हणाली, "राहू दे. क्लच कुठला ते सांगा."

तिथे मात्र गडी सुसाट सुटला! त्याने बाकावर नमुन्याच्या तीन प्लेटी मांडल्या. पहिली सिरॅमिकची, पाकळ्यापाकळ्यांची, शर्यतीतल्या गाड्यांची. "ही धरली की धरली. पण अलगदपणा माहीत नाही. नऊ सिग्नलला नऊ हिसके, आणि वरच्या वळणावर आत्याबाई पुढच्या काचेवर." दुसरी केव्हलरच्या चिवट धाग्याची. "ही मऊ धरते, खूप वर्षं टिकते. पण मुरायला आठशे किलोमीटर सावकाश चालवावी लागते. रविवारपर्यंत व्हायचं नाही." आणि तिसरी साधी दिसणारी, अख्खी गोल, मधे स्प्रिंगा असलेली. "प्लेट ही घ्यायची, आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट दुप्पट ताकदीची. धरेल घट्ट, पण सोडेल-पकडेल हळुवार. दीडशे किलोमीटरमध्ये बसते."

"आणि तोटा?"

"पेडल जड होईल. पायात ताकद लागेल."

"माझ्या पायाची ताकद बघितलीय तुम्ही?"

"नाही... अजून नाही... म्हणजे बघायची नाही... तसं नाही..."

समोरचा शिंपी हसता हसता बाहीऐवजी खिसा शिवून बसला.

प्लेट आणि प्रेशर प्लेट मागवली, ती गुरुवारी आली. डॉक्टरीण दवाखान्याला अर्धी सुट्टी देऊन हजर. "या गाडीचा एकही नट माझ्या हाताशिवाय बसलेला नाही," तिने बजावलं. मग काय, दोघं गाडीखाली. एक दिवा, दोन डोकी, आणि मधे बोटांना बोटं लागतील-न लागतील एवढंच अंतर. क्लचप्लेटला दोन बाजू असतात, आणि इंजिनाकडची बाजू कुठली ते तिच्यावर चांगलं ठळक छापलेलं असतं. शिकाऊ माणूससुद्धा ती उलटी बसवत नाही. गिअरबॉक्स चढला, नट आवळले, ती आत बसली, इंजिन सुरू केलं, क्लच पूर्ण दाबला आणि गिअर टाकायला गेली —

करर्र!

पुन्हा दाबला. पुन्हा करर्र. क्लच सुटतच नव्हता. हाफक्लचचा चेहरा पांढरा पडला. आता सगळं परत खोलायचं. म्हणजे शुक्रवार गेला. दीडशे किलोमीटरला उरला फक्त शनिवार.

शुक्रवारी त्याने गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, प्रेशर प्लेट काढली. ती मागे उभी होती, हाताची घडी घालून, श्वास रोखून. प्लेट उलटी होती! पंधरा वर्षांत पहिल्यांदा. त्याने ती हातात घेतली, बराच वेळ बघितली. मग खिशातलं फडकं काढून दोन्ही बाजू सावकाश, स्वच्छ पुसल्या.

"माझीच चूक," तो म्हणाला. "लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

"तुमच्या... दिव्याकडे."

"दिवा तर तुमच्याच हातात होता."

त्याने घाईघाईने पाना उचलला. पण त्या दिवशी गिअरबॉक्स चढवायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला, आणि कुणाचीच तक्रार नव्हती.

शनिवारी नवी प्लेट मुरवायला निघाले. मुरवायची तर थांबत-निघत चालवायची, म्हणून गावातल्या गावातच. मागच्या सीटवर वाळूची चार पोती, दोन आईच्या हिशेबाने. तो शेजारी, 'आवाज ऐकायला'. प्रत्येक कोपऱ्यावर थांबायचं, प्रत्येक कोपऱ्यावरून निघायचं. पाऊस भुरभुरत होता, काचेवरचा वायपर मान हलवत होता. पहिल्या वीस किलोमीटरला ती विचारत होती, "आता कसा वाटतोय आवाज?" चाळीसला त्याने विचारलं, लहानपणी काय मोडून बघितलंत? शिवणयंत्र, ती म्हणाली, आणि तुम्ही? घड्याळ. जोडता आलं? नाही, अजून डब्यात आहे. मला दाखवाल? सत्तरला तिच्या लक्षात आलं, की क्लचबद्दल शेवटचा प्रश्न येऊन दीड तास झालाय.

एकशे दहाला ती म्हणाली, "तू गप्प का झालास?"

तू! तो 'तू' त्याच्या कानात शिरला तो बाहेर येईना. वळणावरच्या दिव्याच्या खांबाने वाकून बघितलं, असं लोक सांगतात. मी बघितलं नाही, खोटं कशाला बोलू?

"मी... मोजत होतो," तो म्हणाला. "चाळीस उरले."

"मग सावकाश चालवते."

रविवारी सकाळी आई, बाबा, आत्या गाडीत बसले. आत्याने दुकानासमोर गाडी थांबवायला लावली. "त्या क्लचवाल्यालाही घ्या. ढकलायची वेळ आली तर मी उतरणार नाही!" तर हाफक्लच मागे, आई आणि आत्या यांच्यामधे, पापडासारखा. आत्याच्या हातात पाण्याचा काठोकाठ भरलेला ग्लास. तीच परीक्षक.

घाट चढला. सगळ्यात वरचं वळण आलं. गाडीचं तोंड आभाळाकडे, पाठ दरीकडे.

"थांब," बाबा म्हणाले. "आता निघ."

तिने आरशात बघितलं. तोही आरशातच बघत होता. तिने हॅन्डब्रेक धरला, पेडल हळूहळू वर येऊ दिलं... इंजिनाचा आवाज जरासा खाली बसला... आणि गाडी निघाली. झोपेतल्या बाळाला कडेवर घ्यावं, तशी. ग्लासातलं पाणी थेंबभरही सांडलं नाही. उलट ग्लास थोडा जास्तच भरला, असं आत्या आजही शपथेवर सांगते.

वर सपाटीला गाडी लागली. बाबा दरीकडे वाकून बघत म्हणाले, "बरं. गाडी तुझी."

"गाडी हिची झाली," आत्या म्हणाली, "आणि हा कुणाचा?"

हाफक्लच गाडीतून उतरला, तिच्या दाराशी आला. "मी... म्हणजे माझं असं... तुम्हाला... तुला..."

"अरे, पाय काढ ना पेडलवरून," ती म्हणाली. "येऊ दे वाक्य."

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला. पूर्ण. एका दमात.

"मलाही," ती म्हणाली. "सोमवारपासून."

आईने पदर डोळ्यांना लावला, बाबांनी चष्मा पुसला, आणि आत्याने ग्लासातलं पाणी एका घोटात संपवलं. तर मंडळी, अख्ख्या आयुष्यात त्या माणसाच्या हातून एवढी एकच चूक झाली. लक्ष दिव्याकडे नव्हतं, बाई समोर होती, आणि प्लेट आपोआप उलटी —

"खोटं!"

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. माझ्या दुकानाच्या दारात पांढऱ्या केसांची डॉक्टरीण उभी होती, दवाखान्याची पिशवी हातात घेऊन.

"प्लेट तू सुलटीच बसवली होतीस. तू पाना आणायला आत गेलास तेव्हा मी ती उलटी केली. काम संपलं असतं तर तू नुसता 'या' म्हणाला असतास, आणि मी गेले असते. गाडी हातची जाईल हे माहीत असून केली! आणि दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसलेस ना, ते ग्रीसचे ठसे माझ्या बोटांचे होते. ओळखूनच पुसलेस. सांग की यांना!"