निरोपाच्या उड्डाणातली जागा

"माझं विमान चोरलंय," फोनवरचा माणूस म्हणाला.

विमान कंपनीच्या पॉइंट विभागातल्या तपासनीस बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. या खुर्चीवर बसून त्यांनी नाही नाही ते ऐकलं होतं. जावयाने सासऱ्याचे पॉइंट उडवले, घटस्फोटात नवऱ्याने बायकोचे अर्धे पॉइंट मागितले, मेलेल्या आत्याच्या खात्यावर भाचा जग फिरून आला. पण सबंध विमान चोरीला गेल्याची तक्रार पहिलीच.

"कुठलं विमान?"

"तुमचंच. म्हातारं, चार इंजिनांचं. रविवारी त्याला निरोप देताय ना? त्यात मी बसणार होतो. माझे सगळे पॉइंट कोणीतरी पळवलेत."

बोलताना माणूस मध्येच थांबत होता. बाईंना वाटलं, रागाने.

निरोपाच्या उड्डाणाची गोष्ट बाईंना तोंडपाठ होती. ते जुनं विमान शहराला एक मोठी फेरी मारून परत इथेच उतरणार आणि मग भंगारात जाणार. त्याच्या जागा विकायच्या नाहीत, वर्षानुवर्षं प्रवास करून ज्यांनी पॉइंट साठवले त्यांनाच द्यायच्या, असं वरच्या साहेबांच्या डोक्यातून निघालं होतं. आज सकाळी नोंदणी उघडली आणि बघता बघता विमान भरलं. या गृहस्थांनी खातं उघडलं तर आत शून्य. त्यांनी तिथल्या तिथे फोन केला म्हणून कंपनीने एक जागा त्यांच्यासाठी अडवून ठेवली, तीही संध्याकाळी पाचपर्यंतच.

नियम साधा होता आणि सगळ्या साध्या नियमांसारखा निर्दयही. चोरी सिद्ध झाली, खात्याच्या मालकाने चोराचं नाव घेऊन पोलिसांकडे देण्याच्या तक्रारीवर सही केली, की पॉइंट परत. नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला.

बाईंनी खातं उघडलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

पॉइंट चोरणारे काय करतात, ते त्यांना पाठ होतं. कोणी दुकानाची कुपनं घेतं, कोणी अनोळखी माणसाला तिकीट काढून विकतं. इथे गेल्या आठवड्यात चार तिकिटं निघाली होती, आणि चारही खुद्द मालकाच्याच नावावर. सगळी कंटाळवाण्या गावांची, सगळी काढली त्याच दिवशीची. एकाही विमानात कोणी चढलं नव्हतं. ऐनवेळी न आलेल्या प्रवाशाचे पॉइंट बुडतात, तसे हे बुडाले.

"चोराला यातून मिळालं काय?" शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. त्यांना तेच आवडलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. चारही तिकिटांवर जेवणाच्या रकान्यात 'कमी मिठाचं' अशी खूण होती. सहकारी म्हणाला, म्हाताऱ्याचं पथ्य असेल. बाईंनी जुने प्रवास काढून पाहिले. त्यात अशी खूण एकदाही नव्हती. उलट एकदा गृहस्थांनी जेवण अळणी असल्याची लांबलचक तक्रार केली होती. आपल्या मीठखाऊ प्रवाशाच्या नावावर कोणी पथ्याचं जेवण मागवलं, तेही जे कोणी खाणारच नव्हतं?

दुपारी बाई त्या गृहस्थांच्या घरी पोचल्या.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडलं त्यांच्या मुलीने. चाळिशीची, शाळेतून नुकतीच आलेली, बोटांना खडू लागलेला. आत आरामखुर्चीत फोनवरचे ते काका बसले होते. पाठीमागे तीन उशा आणि खुर्चीच्या हातावर घडी घातलेलं पांघरूण. बाहेर जायचं म्हणून की काय, त्यांनी बूट घातले होते, पण नाड्या सुटलेल्या होत्या. बाजूला त्यांचा मित्र. विमानतळाच्या कुंपणाशी दुर्बीण लावून उभं राहण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे सगळे त्याला दुर्बीणच म्हणत.

काकांनी स्वतःहून सगळं सांगितलं. छपाईची यंत्रं बसवायला ते गावोगाव जात, आणि जात ते याच विमानाने. ते पहिल्यांदा प्रवासी घेऊन उडालं तेव्हा काका आत होते. यंत्रं आली, गेली, कंपनी बुडाली, विमान उडत राहिलं.

"मी निवृत्त झालो त्या दिवशी फाटकापाशी ओळखपत्र दिलं आणि घरी आलो," काका म्हणाले. "चहासुद्धा विचारला नाही कोणी. निदान त्याच्या निरोपाला तरी मी असायला हवं."

हे वाक्य त्यांनी दोन दमात पूर्ण केलं. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

"खात्याचा पासवर्ड कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

दुर्बीणला हसू आवरेना. पासवर्ड म्हणजे त्या विमानाचंच नाव होतं, आणि काका तो फोनवर अक्षर न अक्षर ओरडून सांगत. जिन्यावरच्या मांजरालाही तो पाठ असेल, असं त्याचं म्हणणं पडलं.

"तिकिटं या घरातल्या इंटरनेटवरून निघाली आहेत," बाई म्हणाल्या. "दुपारच्या वेळी. दुपारी इथे कोण असतं?"

मुलगी शाळेतून आलेली असते. दुर्बीण रोज येतो. काका जेवून खुर्चीतच डोळे मिटतात आणि फोन टेबलावर पडलेला असतो. म्हणजे दोघांनाही संधी होती. बाई दुर्बीणकडे वळल्या.

"प्रतीक्षा यादीत पहिलं नाव तुमचं आहे."

काकांनी मान वळवून मित्राकडे पाहिलं. दुर्बीणने खिशातून रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसला.

"तू मला सांगितलं नाहीस," काका म्हणाले.

"काय सांगू? नोंदणीत मला थोडा उशीर झाला, म्हणून मागे राहिलो. तुझी जागा गेली तर आपली लागेल, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू? आलं मनात. पण हात लावला नाही रे."

विषय बदलायला त्याने पिशवीतून खाऱ्या शेंगदाण्यांचा पुडा काढला, रोजच्यासारखा बशीत ओतला आणि बशी काकांपुढे सरकवली. मुलीने काही न बोलता ती उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. काकांपुढे कोरड्या टोस्टची ताटली आली. काकांनी त्या ताटलीकडे शत्रूकडे बघावं तसं बघितलं.

बाईंना तेव्हाच कळलं, आणि कळल्याचं वाईट वाटलं. हे काम त्यांनी चोर पकडायला धरलं होतं. समोर चोर नव्हताच कोणी.

पाचाला अजून वेळ होता. बाईंनी उठून खिडकी लावली, कारण आता जे बोलायचं ते शेजाऱ्यांनी ऐकण्यासारखं नव्हतं.

"काका, तुमचे पॉइंट कोणाला नकोच होते," त्या म्हणाल्या. "हवे असते तर तिकिटं दुसऱ्याच्या नावावर निघाली असती. चोराला त्यातून एक पैसुद्धा मिळाली नाही. त्याला एवढंच हवं होतं की नोंदणी उघडेल तेव्हा तुमचं खातं रिकामं असावं. तुम्ही रविवारी विमानात बसू नये."

"म्हणजे हा," काका मित्राकडे बोट दाखवत म्हणाले, पण बोटात जोर नव्हता.

"आधी मलाही तसंच वाटलं. कारणही होतं, संधीही होती. पण चारही तिकिटांवर चोराने कमी मिठाचं जेवण मागवलंय. कोणी खाणार नव्हतं, तरी मागवलंय. ज्याला तुमच्या पथ्याची इतकी सवय झाली आहे की तुमचं नाव लिहिलं की हात आपोआप त्या खुणेवर जातो, असा माणूस. तुमचे मित्र तुम्हाला रोज खारे शेंगदाणे चारतात. त्यांना तुमचं पथ्य ठाऊकच नाही. तुम्ही त्यांना कळूच दिलेलं नाही."

दुर्बीण बशीकडे बघत राहिला.

"पथ्य? कसलं पथ्य?" तो म्हणाला.

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिने पदराने बोटांचा खडू पुसला.

"मी केलं," ती म्हणाली. "त्यांना समजावून थकले. भांडले, रडले, जेवण सोडलं. ऐकतील तर शपथ."

"तुला कधीपासून माहीत आहे?" काकांनी विचारलं.

"तुम्ही औषधाच्या बाटलीवरचं नाव खरवडून काढलंत तेव्हापासून. मग मी डॉक्टरांकडे गेले. बाबा, ते म्हणाले, वर गेल्यावर..."

"थांबा," बाई घाईने म्हणाल्या. "तब्येतीबद्दल माझ्यासमोर एक अक्षर बोलू नका. मला कळलं तर जागा मलाच रद्द करावी लागेल. ते ठरवणारी मी कोण?"

मग त्यांनी नियम सांगितला. चोरी सिद्ध झाली आहे. काकांनी तक्रारीवर मुलीचं नाव घालून सही केली, की पॉइंट आत्ता परत येतील, जागा त्यांचीच. तक्रार पोलिसांकडे जाईल. शाळेतली नोकरी राहील की नाही, ते बाईंना सांगता येणार नव्हतं. घरातलं प्रकरण म्हणून नियमात काही सवलत नव्हती. बाईंनी निघण्याआधी साहेबांना विचारून पाहिलं होतं, आणि साहेबांनी नियम मोठ्याने वाचून दाखवला होता.

"करा सही, बाबा," मुलगी म्हणाली. "नंतर तुम्ही मला बोल लावाल, ते मला सोसणार नाही."

"तुला नेतील."

"नेऊ देत."

काकांचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीचं दार आपटलं. बाईंना आयुष्यात पहिल्यांदा आपण एवढं नीट डोकं चालवलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

"बाई," काका म्हणाले, "ती तिकिटं मीच काढली."

"काका..."

"मीच. म्हातारपणी बोट कुठेही पडतं. लिहा तसं. उगाच तुम्हाला त्रास दिला."

"बाबा, तुम्ही खोटं बोलताय."

"तू गप्प बस," काका म्हणाले. त्यांना राग आला होता, खरा राग, आणि तो ते लपवत नव्हते. "मला न विचारता केलंस ते केलंस. आता हे मी तुला न विचारता करतोय."

बाईंनी ऑफिसला फोन लावला. चूक मालकाचीच, तक्रार मागे, अडवलेली जागा सोडा, एवढंच त्या म्हणाल्या. पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू आली. क्षणभरात दुर्बीणच्या खिशातला फोन वाजला. त्याला जागा लागल्याचा निरोप होता.

"मी नाही जाणार," तो म्हणाला. "मला नको ती."

"जा. तू नाही गेलास तर दुसरा कोणी तरी जाईल, त्याला त्याचं काय? खिडकीशी बस. आणि आल्यावर मला काही सांगू नकोस."

दुर्बीणला रडू फुटलं. काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी वाकून बूट काढायला सुरुवात केली, पण वाकवेना. मुलगी पुढे झाली आणि खाली बसून तिने दोन्ही बूट काढले. मोज्यांवर बुटांच्या कडांचे खोल वळ उठले होते.

बाई निघाल्या. दुसऱ्या मजल्यावर आल्या तोच मागून पावलं वाजली. मुलगी होती.

"एक विचारू? आता जागा गेलीच आहे, तुम्हाला काही करावं लागणार नाही."

"विचारा."

"डॉक्टर म्हणाले, विमानात काहीही होऊ शकेल. आणि घरी राहिले तरी हा उन्हाळा निघणं कठीण आहे." तिने कठडा धरला. "तुम्ही रोज लोकांचं खरंखोटं करता. मी बरोबर केलं ना?"

इतकी वर्षं बाईंनी दुसऱ्यांना प्रश्न विचारले होते, आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याला सोडलं नव्हतं. त्यांना हो म्हणावंसं वाटलं. पण वर उशांना टेकून बसलेले काका डोळ्यांसमोरून हलत नव्हते, आणि नाही म्हणावं तर ही समोर उभी होती. त्यांनी तिचा हात हातात घेतला.

वरून काकांनी हाक मारली, तशी मुलगी हात सोडवून "आले, आले" म्हणत जिना चढत पळाली.